एकाच बाउलमधली एचेव्हेरिया आणि हावर्थिया

पुण्यातल्या नर्सऱ्यांमध्ये पसरट बाउलमध्ये चार-पाच सक्युलंट (जाड पानांत पाणी साठवणारी झाडे) एकत्र लावून, वर पांढरे खडे पसरून विकायला ठेवलेले असतात आणि त्यांत एचेव्हेरिया व हावर्थिया अनेकदा शेजारी शेजारी दिसतात. दोन्हींची पाने मांसल, दोन्हींची मांडणी गुलाबाच्या फुलासारखी गोलाकार, आणि निगा विचारली तर दोन्हींबद्दल उत्तरही एकच मिळते: पाणी कमी घाला. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे.

एचेव्हेरिया मूळची मुख्यतः मेक्सिकोची, आपल्या पानफुटीच्या कुळातली. हावर्थिया दक्षिण आफ्रिकेची, कोरफडीच्या कुळातली. हे नाते लक्षात ठेवले की ओळख पटायला वेळ लागत नाही. एचेव्हेरियाचे पान पळीसारखे असते आणि अनेक प्रकारांत त्यावर द्राक्षावर असतो तसा पांढुरका थर असतो, जो बोट लागले की पुसला जातो आणि त्या पानावर पुन्हा नीटसा येत नाही. पान हलकेच बाजूला वळवले तर ते सबंध सुटते आणि कोरडसर मातीवर ठेवल्यास बुडाशी मुळे व नवे रोप धरते; पानफुटीला रोपे पानाच्या कडेवर येतात, एवढाच फरक. हावर्थियाचे पान टोकदार व ताठ असते. झेब्रा म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारावरचे पांढरे पट्टे हा नुसता रंग नसून ते बारीक उंचवटे आहेत, नख फिरवले की खरखर लागते. (शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये या प्रकाराला हावर्थिऑप्सिस असे वेगळे नाव दिले; नर्सरीत मात्र जुनेच चालते.) हिची वाढ कोरफडीसारखीच, बुडाशी पिल्ले फुटून होते.

खरा प्रश्न उन्हाचा आहे. एचेव्हेरियाला रोज काही तास थेट ऊन लागते, तर हावर्थिया मुळात झुडपांच्या आणि खडकांच्या आडोशाला वाढणारी असल्याने खिडकीजवळच्या नुसत्या उजेडावर वर्षभर राहते. माझा बाउल कोथरूडच्या घरात दक्षिणेकडच्या खिडकीत होता आणि हिवाळ्यात तिथे भरपूर ऊन येई, म्हणून मी निर्धास्त होतो. पण पुण्यात १३ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दिवसभर उत्तरेच्या अंगाला राहतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीला थेट ऊन मिळतच नाही. त्यात जूनपासून ढग. जुलै संपेपर्यंत एचेव्हेरियाची दाट चकती सुटून तिचे बोटभर उंच, विरळ पानांचे खोड झाले होते. शेजारची हावर्थिया होती तशीच होती.

रंगावरूनही फसगत होते. एचेव्हेरियाच्या पानांच्या कडा लालसर होणे हे बहुधा पुरेशा उन्हाचे लक्षण, तर हावर्थिया तांबूस-तपकिरी पडली तर ऊन जास्त होते आहे किंवा मुळे बिघडली आहेत असे समजावे. मुळे कुजली तरी तिची पाने बरेच दिवस हिरवी दिसतात. संशय आल्यास झाड बोटाने हलवून पाहावे, डगमगले तर उपटून तपासावे.

कुजण्याची भीती दोघींनाही आहे आणि तिथे दोष बहुतेक वेळा बाउलचा असतो. तळाला भोक नसेल तर खाली खड्यांचा थर देऊन काही साधत नाही, कारण पाणी त्या थरात सहज न उतरता वरच्या मातीतच अडून राहते. भोक असलेला उथळ बाउल घ्यावा, मातीत निम्म्याहून अधिक जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके दाणे) मिसळावे, आणि माती तळापर्यंत सुकल्यावरच पाणी द्यावे. पावसाळ्यात हे सुकणे फार लांबते, त्यामुळे वार ठरवून पाणी घालण्याची सवय सोडावी.

माझ्या मते या दोघींना एका बाउलमध्ये ठेवूच नये. उंच गेलेली एचेव्हेरिया पुन्हा बसकी होत नाही. तिचा शेंडा दोन बोटे खोड ठेवून कापावा, चार-पाच दिवस सावलीत काप सुकू द्यावा आणि मग वेगळ्या बाउलमध्ये लावून पूर्वेच्या गॅलरीत ठेवावा. उरलेले खोडही टाकू नये, त्याला बहुधा बाजूने फुटवे येतात.