ध्रुवीय प्राणिप्लवकांतील परजीवी

ध्रुवीय प्राणिप्लवकांतील परजीवी : आर्क्टिक महासागर आणि अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागर यांच्या थंड पाण्यात प्रवाहाबरोबर तरंगणाऱ्या लहान प्राण्यांच्या शरीरात राहून त्यांच्यावरच पोसले जाणारे सजीव. ज्याच्या शरीरात परजीवी राहतो त्या प्राण्यास या नोंदीत पोषक म्हटले आहे. पोषकांमध्ये कोपेपोड आणि क्रिल हे कवचधारी प्राणी प्रमुख आहेत. परजीवींमध्ये एकपेशीय सजीवांचे अनेक गट आणि काही कृमींच्या डिंभावस्था (अंड्यातून निघालेल्या अळीच्या अवस्था) यांचा समावेश होतो.

समुद्रापासून दूर असलेल्या मराठवाड्यात हा विषय वाटतो तितका परका नाही. येथील बारवांच्या आणि आडांच्या पाण्यात सायक्लॉप्स हा गोड्या पाण्यातील कोपेपोड आढळतो आणि नारू रोगाचा प्रसार त्याच्याच मार्फत होत असे. नारू झालेला माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहिला की पायावरील फोडातून कृमीची मादी असंख्य डिंभ पाण्यात सोडी; सायक्लॉप्स ते गिळी, त्याच्या देहगुहेत (शरीरातील पोकळीत) त्यांची वाढ होई आणि न गाळलेल्या पाण्याबरोबर तो पोटात गेला की सुमारे वर्षभराने कृमी कातडीतून बाहेर येई. सायक्लॉप्सचा हा वाटा रशियन निसर्गाभ्यासक फेडचेन्को यांनी १८७० च्या सुमारास मध्य आशियातील तुर्कस्तानात दाखवून दिला. पाणी दुपदरी फडक्यातून गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे व औषध टाकून सायक्लॉप्स मारणे या उपायांनी भारतातून नारू हटला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. कोपेपोडाने गिळलेला डिंभ पुढे मोठ्या प्राण्यात पोहोचतो, हेच सूत्र ध्रुवीय समुद्रातील कृमींनाही लागू पडते. एकपेशीय परजीवींची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण त्यांपैकी अनेकांचे जीवनचक्र कोपेपोडातच पुरे होते.

पोषक : आर्क्टिकमध्ये कॅलॅनस या कोपेपोड प्रजातीच्या तीन जाती महत्त्वाच्या आहेत. कॅ. हायपरबोरियस व कॅ. ग्लेशियालिस या मूळच्या आर्क्टिक जाती असून कॅ. फिनमार्किकस ही अटलांटिकच्या कोमट प्रवाहाबरोबर उत्तरेकडे येते. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील कोंग्सफ्योर्ड या खाडीत, जिच्या काठावर भारताचे हिमाद्री संशोधन केंद्र २००८ पासून आहे, अटलांटिकचे व आर्क्टिकचे पाणी मिसळते, त्यामुळे तेथे कॅ. फिनमार्किकस आणि कॅ. ग्लेशियालिस शेजारी शेजारी सापडतात. अंटार्क्टिक समुद्रात कॅलॅनॉइडिस ॲक्यूटस, कॅलॅनस प्रोपिंक्वस आणि ऱ्हिंकॅलॅनस गायगास हे कोपेपोड व सुमारे सहा सेंटिमीटर लांबीचा अंटार्क्टिक क्रिल हे मुख्य होत. ओइथोना सिमिलिस हा एक मिलिमीटरहूनही लहान कोपेपोड दोन्ही ध्रुवांकडे मुबलक आहे.

सिंडिनियम आणि वर्गीकरणाचा वाद : निरोगी कॅलॅनस सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ पारदर्शक दिसतो, आतड्याची रेघ आणि तिच्या बाजूला लांबट, चकचकीत तेलपिशवी स्पष्ट ओळखू येते. सिंडिनियम या एकपेशीय परजीवीची बाधा झालेल्या प्राण्यात ही पारदर्शकता जाते. बहुकेंद्रकी जीवद्रव्याचा एक सलग पिंड देहगुहा भरून टाकतो, जनन ग्रंथी खुरटतात आणि शेवटी त्या पिंडाचे असंख्य बीजाणूंत विभाजन होते. दोन कशाभिका (पोहण्यासाठीचे चाबकासारखे तंतू) असलेले हे बीजाणू कवच फोडून बाहेर पडतात आणि पोषक मरतो. पोषकाला मारल्याशिवाय ज्याचे जीवनचक्र पुरे होत नाही अशा या जीवाला परजीवी न म्हणता परजीवाभ म्हणावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे आणि ते अधिक नेमके वाटते. तथापि रूढी लक्षात घेऊन या नोंदीत जुनीच संज्ञा ठेवली आहे.

या गटाचे पहिले पद्धतशीर वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ एदुआर शातों (१८८३–१९४७) यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत केले आणि १९२० च्या विस्तृत ग्रंथात ते एकत्र मांडले. त्यांची सामग्री मुख्यतः भूमध्य समुद्रातील होती. उत्तरेकडील थंड पाण्यातील कॅ. फिनमार्किकसच्या परजीवींकडे ॲपस्टाइन (१९११) आणि स्कॉटलंडच्या क्लाइड खाडीत काम करणाऱ्या मार्गारेट जेप्स (१९३७) यांनी लक्ष दिले. शातों यांनी सिंडिनियम, आतड्यात राहणारे ब्लास्टोडिनियम आणि देहगुहेतील पॅराडिनियम या तिन्ही प्रजाती डायनोफ्लॅजेलेट या दोन कशाभिकांच्या एकपेशीय सजीवांच्या गटात घातल्या होत्या. त्यांचा आधार बीजाणूंचे रूप आणि केंद्रकाची रचना हा होता.

जनुकक्रमांच्या अभ्यासाने या एकत्रीकरणाचे तीन वेगवेगळे निकाल लागले. ब्लास्टोडिनियम डायनोफ्लॅजेलेटच ठरले. सिंडिनियमचा रायबोसोमी जनुकक्रम (नाते ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा क्रम) २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा २००१ पासून जगभरच्या समुद्रजलात केवळ जनुकक्रमांच्या रूपाने सापडणाऱ्या अनोळखी जीवांशी त्याचे नाते उघड झाले; २००८ मध्ये या सर्वांची सिंडिनिएलीस नावाखाली पाच गटांत मांडणी झाली आणि सिंडिनियम खेकड्यांवरील हिमॅटोडिनियमसह चौथ्या गटात गेले. पॅराडिनियम मात्र त्याच वर्षी डायनोफ्लॅजेलेटांतून पूर्णपणे बाहेर पडून ऱ्हायझेरिया या एकपेशीय सजीवांच्या दूरच्या महागटात गेले. एलोबिऑप्सिस कुलाची कथाही अशीच आहे : फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कोलेरी यांनी १९१० मध्ये वर्णिलेला एलोबिऑप्सिस हा जीव पोषकाच्या कवचात मुळासारखा तंतू रोवून बाहेर वाढतो, म्हणून त्याच्या नातलगांना कधी कवकांत तर कधी शैवलांत जागा मिळाली. त्यांपैकी क्रिलवरील थॅलासोमायसिस डायनोफ्लॅजेलेटांसारख्याच अल्व्हिओलेट महागटातील आहे, असे २००४ च्या जनुकीय पुराव्यावरून दिसते. शातों यांची चित्रे मात्र आजही प्रमाण मानली जातात, कारण जनुकक्रमावरून नाते कळते, पोषकाच्या आत काय घडते ते कळत नाही.

जनुकीय पुराव्याच्या मर्यादा : अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ हिवाळ्यात केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत परजीवींचे जनुकक्रम अनपेक्षित प्रमाणात आढळले. त्यावरून ध्रुवीय अन्नजाळ्यात परजीवींचा वाटा मोठा असावा असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष संभवनीय आहे, परंतु तो वापरताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक म्हणजे, कोपेपोडाच्या शरीरातून मिळालेला सिंडिनिएलीसचा जनुकक्रम त्याच्यावरील बाधेचा असू शकतो, तसाच तो त्याने खाल्लेल्या बीजाणूंचा किंवा आधीच बाधित असलेल्या भक्ष्याचाही असू शकतो. दुसरी म्हणजे, पेशीगणिक रायबोसोमी जनुकाच्या प्रती कमी-अधिक असल्याने क्रमांच्या संख्येवरून पेशींची संख्या थेट काढता येत नाही. ऊतकाच्या छेदात परजीवीची अवस्था प्रत्यक्ष दिसणे आणि जनुकक्रम जुळणे या दोन्ही कसोट्या लावणाऱ्या अभ्यासांना येथे अधिक वजन दिले आहे.

क्रिलमधील परजीवी : बेरिंग समुद्रातील थायसॅनोएसा इनर्मिस या क्रिलमध्ये कोलिनिया बेरिंजेन्सिस या सिलिएटची (केसांसारख्या तंतूंनी पोहणाऱ्या एकपेशीय जीवाची) नोंद १९८६ मध्ये झाली. हा जीव शिरोवक्षात (डोके व छाती मिळून झालेल्या भागात) शिरून वेगाने विभागतो, आतील ऊतके खातो आणि शरीर फुटल्यावर बाहेर पडतो. अशाच सिलिएटांमुळे क्रिल मोठ्या संख्येने मरतात, हे २००३ मध्ये अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यावरील अभ्यासाने दाखवले. तो प्रदेश ध्रुवीय नसला तरी पोषक प्रजाती त्याच कुलातील आहेत. क्रिलमधील या जाती पुढे स्यूडोकोलिनिया या वेगळ्या प्रजातीत घालण्यात आल्या.

अंटार्क्टिक क्रिलच्या आतड्यात सेफॅलॉइडोफोरा ही ग्रेगॅरिन या एकपेशीय परजीवींच्या गटातील प्रजाती आढळते. तिच्या पेशी आतड्याच्या अस्तराला चिकटून अन्नरस शोषतात. पोषक सहसा मरत नाही.

कृमी : ॲनिसाकिस या सूत्रकृमीची अंडी देवमाशांच्या विष्ठेतून पाण्यात येतात, डिंभ क्रिलमध्ये, पुढे मासे व माखली यांच्यात आणि शेवटी पुन्हा देवमाशात पोहोचतो. कॉन्ट्रासीकम या सूत्रकृमीच्या काही जातींचे अंतिम पोषक सील आहेत. पट्टकृमींचे डिंभ कोपेपोडांत, तर पर्णकृमींचे डिंभ बाणकृमी या तरंगणाऱ्या, बाणासारख्या प्राण्यांतही सापडतात. छत्रपती संभाजीनगर येथील, १९५८ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात माशांतील पट्टकृमींच्या वर्गीकरणाची जुनी परंपरा आहे, आणि गोड्या पाण्यातील अनेक पट्टकृमींचा पहिला पोषक कोपेपोडच असल्याने तेथील अभ्यासकास ही चक्रे ओळखीची वाटतील.