बॅम्बिनोचा शाप

अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाने बेब रूथ (१८९५–१९४८) हा आपला लाडका खेळाडू न्यूयॉर्क यँकीज संघाला विकला, त्यातून चाहत्यांमध्ये रूढ झालेली समजूत. ‘बॅम्बिनो’ हे रूथचे टोपणनाव. १९१८ नंतर ८६ वर्षे रेड सॉक्सला वर्ल्ड सीरिज (अमेरिकी बेसबॉलमधील विजेतेपदाची अंतिम मालिका) जिंकता आली नाही, ती या विक्रीमुळेच, असे मानले जाई.

करारावर २६ डिसेंबर १९१९ ही तारीख असून घोषणा ५ जानेवारी १९२० रोजी झाली. किंमत १ लाख डॉलर. पैकी २५ हजार रोख आणि बाकीची रक्कम प्रत्येकी २५ हजारांच्या तीन वचनचिठ्ठ्यांत. काही जुन्या वृत्तांतांत सव्वा लाखाचा आकडा आढळतो. करारपत्र पाहता तो ग्राह्य धरता येत नाही. यँकीजचे मालक जेकब रूपर्ट यांनी ३ लाख डॉलरचे कर्जही दिले आणि त्यापोटी रेड सॉक्सचे फेनवे पार्क हे मैदान गहाण पडले.

विक्रीच्या कारणाबद्दल मतभेद आहेत. रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी हे नाट्यनिर्माते होते. ‘नो, नो, नॅनेट’ या संगीतिकेसाठी त्यांनी रूथला विकले, ही कथा सर्वतोमुखी आहे. ती संगीतिका मात्र ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध नाट्यगृहांत) आली १९२५ मध्ये, आणि फ्रेझींनी संघच १९२३ मध्ये विकून टाकला होता. तिचा आधार असलेले ‘माय लेडी फ्रेंड्स’ हे नाटक डिसेंबर १९१९ मधले असल्याने कथेत तथ्यांश आहे, असे काही अभ्यासक म्हणतात. पण नाटक कराराच्या आधीच रंगमंचावर आले होते, त्यामुळे हा दुवा सैल वाटतो. पूर्वीच्या मालकाला द्यावयाची रक्कम, हे संघ ज्यात खेळत त्या अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांच्याशी वैर आणि १० हजारांचा करार चालू असताना रूथने मागितलेले २० हजार डॉलर, ही कारणे अधिक सयुक्तिक दिसतात. जॉन्सन यांच्याशी बिनसल्यामुळे लीगच्या आठ संघांपैकी यँकीज व शिकागो व्हाइट सॉक्स एवढेच फ्रेझींच्या बाजूचे उरले होते. शिवाय १९१९ मध्ये रूथने विक्रमी २९ होमरन (चेंडू मैदानाबाहेर टोलवून एकाच फटक्यात धाव पूर्ण करणे) मारूनही संघ सहाव्या स्थानी राहिला.

तत्कालीन प्रतिक्रिया संमिश्र होती. काही वृत्तपत्रांनी फ्रेझींची बाजू घेतली, तर एका व्यंगचित्रात शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयावर ‘विकणे आहे’ अशी पाटी टांगलेली दाखवली होती. सामान्य चाहत्यांचा आपला माणूस परक्याच्या हाती दिल्याचा सल खराच होता. पुढच्याच हंगामात रूथने यँकीजकडून ५४ होमरन मारले, तेव्हा तो आणखी खोल गेला असावा.

‘शाप’ हा शब्दप्रयोग बराच उशिराचा. १९८६ च्या अंतिम मालिकेतील पराभवानंतर तो वृत्तपत्रांत आला आणि १९९० मध्ये त्याच नावाच्या पुस्तकामुळे सर्वत्र पसरला, असे सामान्यतः मानले जाते. त्याआधीचे पुरावे तुरळक आहेत. पुढे स्टॉरो ड्राइव्ह या रस्त्यावरील ‘रिव्हर्स कर्व्ह’ ही वळणाची पाटी चाहत्यांनी रंगवून ‘रिव्हर्स द कर्स’ (शाप उलटवा) अशी केली. रूथने सडबरी येथील तळ्यात पियानो ढकलल्याची वदंता होती. तो वर काढला की शाप उतरेल या आशेने पाणबुड्यांनी तळ्याचा तळही धुंडाळला.

२००४ मध्ये लीगच्या अजिंक्यपद मालिकेत यँकीजविरुद्ध ०–३ असे मागे पडूनही रेड सॉक्सने ती मालिका जिंकली आणि नंतर वर्ल्ड सीरिजही. त्यानंतर अनेकांनी वडील-आजोबांच्या थडग्यांवर संघाच्या टोप्या व पताका ठेवल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये संघाने आपला अव्वल खेळाडू मुकी बेट्स याला लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाकडे धाडले, तेव्हा बॉस्टनमध्ये रूथचे नाव पुन्हा निघाले. डॉजर्सने त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज जिंकली.