‘आर्मेनियन लोकांना तुर्कांशी बोलायचंच नाही’ हे खरं नाही

फ्रान्स, लेबनॉन, अमेरिकेत विखुरलेले आर्मेनियन हटवादी आहेत, त्यांना तुर्कांशी संवादच नको, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चूक आहे. त्यांचा नकार संवादाला नसून एका प्रश्नाला आहे: १९१५ मध्ये ऑटोमन, म्हणजे तेव्हाच्या तुर्की साम्राज्याच्या, राजवटीत आर्मेनियन लोकांचा नरसंहार झाला की नाही?

१० ऑक्टोबर २००९ ला झुरिकमध्ये आर्मेनिया आणि तुर्कस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दोन देशांतले संबंध सुरळीत करण्याच्या करारांवर सह्या केल्या. त्यात इतिहास तपासणाऱ्या उपसमितीची तरतूद होती. परदेशस्थ आर्मेनियन पॅरिस, लॉस एंजेलिसमध्ये रस्त्यावर उतरले, त्याचं एक मोठं कारण हेच कलम होतं. ज्यांच्या आजी-आजोबांना सीरियाच्या वाळवंटाकडे हाकललं गेलं, त्यांनी ‘ते घडलं का’ यावर वाटाघाटी का कराव्यात? मला हा नकार पूर्णपणे रास्त वाटतो.

संवाद तर चालूच आहे. तानेर अकचाम हे तुर्की इतिहासकार नरसंहार झाला असं उघड सांगतात. अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात त्यांना जे अध्यासन मिळालं, ते आर्मेनियन-अमेरिकन कुटुंबांच्या देणगीतून उभं राहिलेलं. इस्तंबूलमध्ये आर्मेनियन वंशाचे पत्रकार ह्रांत डिंक ‘आगोस’ हे साप्ताहिक तुर्की आणि आर्मेनियन अशा दोन्ही भाषांत काढत. १९ जानेवारी २००७ ला कचेरीबाहेरच त्यांना गोळ्या घातल्या. पांढऱ्या चादरीखालून त्यांचे बूट दिसत होते, एकाचा तळ झिजून भोक पडलेलं. अंत्ययात्रेत हजारो लोकांच्या हाती फलक होते: ‘आपण सगळे आर्मेनियन आहोत.’ ते धरणाऱ्यांत असंख्य तुर्क होते.