जुन्या घराला सौर पाणीतापक जोडणे (नागपूर)

घर बांधून झालेले, नळ भिंतीत गेलेले, न्हाणीघरात गीझर टांगलेला. अशा घरातल्या पाण्याच्या व्यवस्थेला गच्चीवरचा सौर पाणीतापक जोडण्याचे काम. बोलण्यात याला नुसते ‘सोलर बसवणे’ म्हणतात. नव्या बांधकामात ते सोपे असते, कारण गरम पाण्याची नळी आधीच टाकून ठेवलेली असते. जुन्या घरात यंत्र उभे करायला फारसा वेळ लागत नाही. वेळ आणि पैसा जातो तो टाकी उचलण्यात आणि नळ बदलण्यात.

नागपूरच्या घरांत खोल्या उबदार ठेवण्याची यंत्रणा नसते आणि तिची गरजही पडत नाही. थंडीत तापवायचे ते आंघोळीचे पाणी. ही थंडी थोड्या दिवसांची, पण लेचीपेची नसते: २९ डिसेंबर २०१८ रोजी इथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. मे महिन्यात तोच पारा ४५ च्या वर जातो. त्यामुळे इथल्या तापकाला दुहेरी अट पडते. तो घ्यायचा डिसेंबर-जानेवारीसाठी आणि टिकवायचा मे महिन्यात.

पूर्वी पाणी तापवण्याचे काम तांब्याच्या बंबाकडे होते. मधल्या नळकांड्यात लाकडाच्या ढलप्या किंवा कोळसा, भोवती पाणी, बाहेर तोटी. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत बंब अंगणात किंवा न्हाणीघराच्या दाराशी पेटे आणि पाणी बादलीने आत जाई. पुढे गीझर आला, तोही थेट न्हाणीघरातच. म्हणून या घरांत छतापासून खालपर्यंत गरम पाण्याची वेगळी वाट कधी तयारच झाली नाही. सौर तापकाला नेमकी तीच लागते. कौलारू घरांची अडचण आणखी मोठी, कारण तिथे तापक ठेवायला सपाट जागाच नसते.

उंचीचे गणित

घरगुती तापक पंपाविना चालतो. ऊन लागले की काचेच्या नळ्यांतले पाणी तापते, हलके होऊन वरच्या टाकीत चढते आणि टाकीतले गार पाणी त्याच्या जागी खाली उतरते. पण ही टाकी स्वतः पाणी ओढत नाही. ती भरायची तर गार पाण्याच्या टाकीचा तळ तिच्या माथ्याहून वर हवा. व्यवहारात तो गच्चीपासून सात फुटांच्या आसपास जातो. जुन्या घरांत मात्र काळी प्लास्टिकची टाकी थेट स्लॅबवर नाहीतर चार विटांवर टेकवलेली असते. १,००० लिटरची टाकी भरली की एक टन वजन होते. ते स्लॅबच्या मधोमध स्टँड उभारून पेलता येत नाही. तुळई किंवा भार घेणारी भिंत पाहूनच चौथरा बांधावा लागतो. जिन्यावरच्या खोलीचे छत भक्कम असेल तर टाकी तिथे नेणे सगळ्यांत सोयीचे.

‘उंची नसली तर प्रेशर पंप लावू’ हा सल्ला हमखास मिळतो. साध्या तापकाला तो लागू पडत नाही. या तापकाच्या टाकीचा पत्रा पातळ असतो आणि वर हवा जायला उघडी नळी असते. पंपाच्या दाबाने पाणी तिथून गच्चीवर उसळते, नाहीतर टाकीचा सांधा सुटतो. दाब सहन करणारे तापक वेगळे मिळतात आणि महाग असतात. ही हवानळी गार टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा वर गेलेली हवी. ती आखूड ठेवली की टाकी भरताना दर वेळी पाणी वाहत राहते. काम संपवण्याच्या घाईत सर्वाधिक राहून जाणारी गोष्ट हीच.

नळ, गीझर आणि उलटे वाहणारे पाणी

साधी पीव्हीसी नळी ६० अंशांपुढे वापरायची नसते, आणि नागपूरच्या उन्हात तापकातले पाणी त्याच्या बरेच पुढे जाते. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी किंवा पीपीआर (जास्त उष्णता सोसणारी प्लास्टिके) लागते. जुन्या घरात आधीची जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) नळी असेल तर ती उष्णतेने बिघडत नाही, पण गंज आणि क्षार साचून आतली वाट पेन्सिलीएवढी उरलेली असते. पंपाविना येणाऱ्या पाण्याचा दाब आधीच कमी असतो. अशा नळीत शॉवरला धार कसली, ठिबक मिळते. भिंत फोडायची नसेल तर नवी नळी बाहेरच्या भिंतीवरून उतरवतात आणि तिच्यावर फोमचे वेष्टण चढवतात. अर्ध्या इंची नळीत दर मीटरला सुमारे ०.१ ते ०.२ लिटर पाणी मावते. तळमजल्याचे न्हाणीघर २० मीटरवर असेल तर पहाटे पहिले २ ते ४ लिटर गारच येणार. ते फुकट न घालवता बादलीत धरावे.

गीझर काढून टाकण्याची गरज नसते. तापकाचे पाणी त्याच्या पाणी आत घेणाऱ्या टोकाला जोडले तर पावसाळी दिवसांत उरलेली कसर तो भरून काढतो. ऊन असले की पाणी आधीच तापलेले येते आणि त्याचा थर्मोस्टॅट वीज घेतच नाही. इतके गरम पाणी त्याला चालते का, हे मात्र निर्मात्याच्या सूचनांत पाहावे. सौर टाकीतच वीजकांडी बसवणे गैरसोयीचे, कारण एका माणसाच्या आंघोळीसाठीही अख्खी टाकी तापते.

मिक्सर नळाने एक वेगळीच गंमत होते. हँड शॉवरची कळ बंद आणि मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या राहिल्या की जास्त दाबाचे गार पाणी गरम नळीत शिरते आणि तापकापर्यंत चढते. मग ‘सोलर तापतच नाही’ अशी तक्रार होते. गरम नळीवर एकदिशा झडप बसवली की हा दोष जातो. महापालिकेच्या नळाचे पाणी थेट या जोडणीत आणू नये.

ऊन, सावली, क्षार

नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यासाठी तापकाचे तोंड दक्षिणेला करतात आणि उतार अक्षांशाहून १० ते १५ अंश जास्त ठेवतात. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंश चढतो, म्हणजे वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी पडते. सकाळी ती याहून कितीतरी लांब असते. धरमपेठ, लक्ष्मीनगर भागांत शेजारचा बंगला पाडून तिथे इमारत उठली की डिसेंबरमधली गच्ची दुपारपर्यंत सावलीत जाऊ शकते. म्हणून जागा उन्हाळ्यात नव्हे, हिवाळ्यात बघावी.

पेंच आणि कन्हान नद्यांतून येणाऱ्या नळाच्या पाण्यापेक्षा बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचे असते. ते तापले की क्षार खाली बसतात. तापकाचा दुसरा प्रकार सपाट पॅनेलचा; त्याच्यातल्या बारीक तांब्याच्या नळ्या त्याने लवकर चोंदतात. काचेच्या नळ्या रुंद असल्याने जास्त काळ तग धरतात. पण गारपीट झाली तर त्याच आधी फुटतात. शिवाय भर दुपारी रिकाम्या, तापलेल्या नळीत गार पाणी सोडले की ती तडकते. भरायचे ते पहाटे किंवा ऊन उतरल्यावर.

मे महिन्यात दुपारी गार पाण्याचा नळसुद्धा चटका देतो. तेव्हा तापकाला गिऱ्हाईक नसते, पण ऊन थांबत नाही. वापर नसलेल्या टाकीत पाणी उकळीला येते, रबरी सीले कडक होतात, वाफ हवानळीतून जाते. उपाय साधा आहे: नळ्यांवर गोणपाट किंवा हिरवी जाळी टाकून त्या झाकायच्या, टाकी मात्र रिकामी ठेवायची नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. तिच्यात घरगुती सौर विजेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. त्यामुळे गच्चीच्या जागेला दुसरा दावेदार आला आहे. १०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४.७ युनिट वीज लागते. एक किलोवॅटचे वीज देणारे पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट देते आणि तापकाच्या दुपटीहून जास्त जागा अडवते. नुसत्या आंघोळीच्या हिशेबात तापक सरस ठरतो. वर्षभराच्या हिशेबात नागपुरात उत्तर बदलते, कारण मे महिन्यातली वीज कूलर आणि एसीला लागते. दोन्ही ठेवायची असतील तर पॅनेलचा उंच सांगाडा तापकाच्या उत्तरेला उभारावा, म्हणजे त्याची हिवाळी सावली नळ्यांवर पडत नाही.