पस्तिशीतला नागुर्स्की पुन्हा मैदानात का उतरला?

१९४३ च्या हंगामात शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉलच्या (चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाच्या) संघात ब्रॉन्को नागुर्स्की परतला. त्याचा शेवटचा हंगाम १९३७ चा, आणि वय आता पस्तिशीला टेकलेलं. हौस असेलही, पण खरं कारण म्हणजे खेळायला माणसंच उरली नव्हती.

पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली, तिथले धडधाकट तरुण सैन्यात भरती झाले, आणि व्यावसायिक फुटबॉल चालायचा तो त्यांच्याच जिवावर. क्लीव्हलँड रॅम्स या संघाने १९४३ पुरता गाशा गुंडाळला. पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फिया या एरवी एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्या संघांना एकत्र यावं लागलं. लोक त्या जोडसंघाला ‘स्टीगल्स’ (स्टीलर्स आणि ईगल्स ही दोन्ही नावं जोडून) म्हणू लागले. प्रत्येक संघाची खेळाडूसंख्या ३३ वरून २८ वर आली. बेअर्सचे मालक आणि प्रशिक्षक जॉर्ज हॅलस तर स्वतःच नौदलात होते.

याच हॅलसशी नागुर्स्कीचं पगारावरून बिनसलं होतं. नागुर्स्कीचा जन्म कॅनडातला, घर युक्रेनियन, वाढला मिनेसोटातल्या इंटरनॅशनल फॉल्स गावात. १९३० पासून तो बेअर्सचा फुलबॅक होता. चेंडू घेऊन समोरच्या फळीत सरळ घुसणं हे त्याचं मुख्य काम. १९३२ आणि १९३३ ची विजेतेपदं पदरात असूनही मनासारखा पैसा मिळेना, तेव्हा तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. (आपल्या तालमीतली नव्हे, निकाल आधीच ठरलेली, तिकीट लावून दाखवायची कुस्ती.)

परतल्यावर त्याला टॅकलच्या जागी, म्हणजे आघाडीच्या फळीत ठेवलं. तिथे चेंडू घेऊन पळावं लागत नाही. पण २८ नोव्हेंबरला, त्या हंगामात एकही सामना न जिंकलेल्या शिकागो कार्डिनल्सनी सामना चालू असताना बेअर्सना २४–१४ असं मागे टाकलं. विभागाचं विजेतेपद हातचं जायची वेळ आली, तेव्हा नागुर्स्कीला जुन्या जागी, फुलबॅक म्हणून आणलं. बेअर्स ३५–२४ ने जिंकले. युद्धकाळातले संघ कमकुवत होते हे खरं, पण सहा वर्षांच्या खंडानंतर असा सामना फिरवणं त्यामुळे सोपं ठरत नाही.

२६ डिसेंबरच्या अंतिम सामन्यात बेअर्सनी वॉशिंग्टनच्या संघाला ४१–२१ असं हरवलं. बेअर्सच्या सिड लकमनने पाच टचडाउन पास (ज्यांवर थेट गुण मिळतात असे चेंडू) टाकले आणि नागुर्स्कीनेही एक टचडाउन केला. त्यानंतर तो एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळला नाही. १९६३ मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम या व्यावसायिक फुटबॉलमधल्या मानाच्या यादीच्या पहिल्याच तुकडीत त्याची निवड झाली. हॅलसही त्याच तुकडीत होते.