इंजिनाशिवाय वर राहण्याचा हिशोब

दोन मीटर पंखविस्ताराचा, नीट जुळवलेला मॉडेल ग्लायडर (इंजिन नसलेलं, रेडिओने चालवायचं छोटं विमान) शांत हवेत सेकंदाला साधारण अर्धा मीटर खाली येत असतो. शंभर मीटर उंचीवर सोडला तर २०० सेकंदांत, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंदांत, तो जमिनीवर. उत्तम पंख आणि भारी रेडिओ घेऊनही या आकड्यात थोडीच सुधारणा होते. तरीही क्लबच्या मैदानावर असेच ग्लायडर अर्धा तास, कधी तासाहून जास्त वर राहतात. तो सगळा जादा वेळ हवेकडून मिळवलेला असतो. वर चढणारी हवा शोधायची आणि तिच्यातून बाहेर पडायचं नाही, एवढंच काम. ग्लायडर तिच्यातही घसरतच असतो, पण हवा त्याच्या घसरण्यापेक्षा जास्त वेगाने चढत असते.

हवा दिसत नाही. तिची हालचाल आपल्याला ग्लायडरच्या हालचालीवरूनच ओळखावी लागते. तोल चुकलेल्या ग्लायडरचं नाक वर गेलं, तर ते हवेमुळे गेलं की त्याच्याच दोषामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून अनुभवी क्लबमध्ये नव्या सभासदाला उडवण्याआधी जुळवणी शिकवतात, आणि आमच्या मते हाच क्रम बरोबर आहे.

पहिल्या मॉडेलसाठी फक्त रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटावरची उभी पट्टी) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी आडवी पट्टी) असलेला दोन मीटरचा ग्लायडर घ्यावा. पंखाची सरासरी रुंदी २० सेंटिमीटर धरली तर क्षेत्रफळ ४० चौरस डेसिमीटर होतं. सगळं मिळून वजन ९०० ग्रॅम असेल, तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर साडेबावीस ग्रॅम भार येतो आणि मॉडेल सेकंदाला सात मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने, निवांत तरंगतं. विचार करायला वेळ मिळतो. अशा मॉडेलचे पंख टोकांकडे वर वळलेले असतात. रडर दिला की नाक बाजूला वळतं, पुढे आलेल्या पंखाला हवा जास्त कोनातून लागते, तो उचलला जातो आणि मॉडेल कलून वळतं. हातातल्या रेडिओची स्टिक सोडली की ते बऱ्याच अंशी स्वतःहून सरळ होतं. आयलेरॉनवाला, म्हणजे कलण्यासाठी पंखांवरच हलत्या पट्ट्या असलेला, ग्लायडर जास्त चपळ असतो, पण तो दुसरा असावा.

पंखाच्या आकाराबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. हवेचा वेग, पंखाची रुंदी आणि हवेचा चिकटपणा यांच्यातून रेनॉल्ड्स अंक निघतो. आपल्या मॉडेलसाठी तो एक लाखाच्या आसपास असतो, प्रवासी विमानासाठी काही कोटी. इतक्या खालच्या अंकाला हवेचा थर पंखाच्या पाठीवरून लवकर सुटतो आणि रोध वाढतो. त्यामुळे मोठ्या विमानाच्या पंखाचा छेद लहान करून इथे चालत नाही. या वेगांसाठी वेगळे छेद आखावे लागले. इलिनॉय विद्यापीठात मायकेल सेलिग यांनी असे अनेक छेद वाऱ्याच्या बोगद्यात तपासले. एमआयटीतले मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये असे छेद तपासणारी एक्सफॉइल ही संगणकीय प्रणाली लिहिली, आणि त्यांची छेदांची 'एजी' मालिका हलक्या ग्लायडरांमध्ये आजही सर्रास दिसते. पंखाच्या पुढच्या कडेवर पडलेला खोचा किंवा पंखावर चढवलेली, पण फुगलेली फिल्म ही नुसती दिसण्याची बाब राहत नाही, ती याचमुळे. दुरुस्ती करताना पुढच्या कडेची गोलाई मूळ होती तशीच ठेवा.

आता तोल. गुरुत्वमध्य कुठे हवा हे आराखड्यात दिलेलं असतं. दिलेलं नसेल तर सुरुवातीला पुढच्या कडेपासून पंखाच्या सरासरी रुंदीच्या ३३ टक्क्यांवर धरा. २० सेंटिमीटर रुंदीला ते ६६ मिलिमीटर होतात. पंखाखाली दोन्ही बाजूंना त्या जागी बोटं टेकवून मॉडेल उचला. नाक किंचित खाली झुकून ते स्थिर राहिलं तर सुरुवातीला तेवढं पुरे. बॅटरी पुढे-मागे सरकवून जमत असेल तर शिसं घालू नका. शेपटाकडे वजन वाढू देणं किती महागात पडतं ते पाहा. गुरुत्वमध्यापासून ७०० मिलिमीटर मागे १० ग्रॅम डिंक आणि रंग चढला, तर २५० मिलिमीटर पुढच्या नाकात २८ ग्रॅम शिसं लागतं. एकूण ३८ ग्रॅम वजन फुकट वाढलं.

पहिली फेक उंच गवतावर, वाऱ्याच्या समोर, पंख अगदी आडवे धरून. भाल्यासारखं वर नाही, सरळ समोर आणि नाक जराही न उचलता सोडा. खांद्याच्या उंचीवरून सोडलेलं मॉडेल वीस-पंचवीस मीटरवर अलगद टेकलं पाहिजे. नाक वर जाऊन वेग मेला आणि नाक खाली पडलं, पुन्हा वर गेलं, असे झोके खाल्ले तर एलिव्हेटर थोडा खाली ट्रिम करा, म्हणजे स्टिक मोकळी असतानाची त्याची जागा थोडी खाली सरकवा. दगडासारखं खाली गेलं तर थोडा वर.

खरी परीक्षा उंचीवर. शंभर मीटरवर स्थिर तरंग जमवा, मग ३० अंशांची उतरण द्या आणि स्टिक मोकळी सोडा. मॉडेल झटकन नाक उचलून वर आलं, तर ते नाकाकडे जड आहे. त्याला हळू वेगात तरंगत ठेवण्यासाठी तुम्ही एलिव्हेटर वर ट्रिम केलेला असतो, आणि त्या ट्रिमचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उतरण आपोआप जास्तच तीव्र होत गेली, तर शेपूट जड आहे. ताबडतोब सावरा, उतरवा आणि नाकात वजन घाला. हळूहळू, लांब वळणाने बाहेर आलं तर तोल योग्य. नाक जड असेल तर दर वेळी नाकातून दोन-तीन ग्रॅम काढायचे, ट्रिम पुन्हा जुळवायचं, परीक्षा पुन्हा करायची. शेपूट जड ठेवलेला ग्लायडर थर्मल, म्हणजे वर चढणारी उबदार हवा, लगेच दाखवतो असं जाणकार म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण तो सतत सांभाळावा लागतो, म्हणून नवशिक्याने तिकडे जाऊ नये.

रेडिओबद्दल थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झचे संच आल्यापासून एकमेकांच्या वारंवारितेवर चढण्याचा प्रश्न मिटला. त्याआधी प्रत्येक क्लबच्या फळ्यावर वारंवारितेच्या खुंट्या असायच्या, आणि खुंटी हातात नसताना ट्रान्समीटर (हातातला रेडिओ) चालू करणं हा मोठा गुन्हा होता. आजच्या चुका वेगळ्या आहेत. कार्बन फायबर या लहरी अडवतं, म्हणून कार्बनच्या धडात रिसीव्हरच्या (मॉडेलमधल्या, लहरी पकडणाऱ्या संचाच्या) अँटेनाची टोकं बाहेर काढावी लागतात. दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात ठेवा. ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक मॉडेलकडे रोखू नका, त्या दिशेला लहरी सर्वांत क्षीण असतात. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी कमी शक्तीच्या मोडमध्ये तीस पावलांवरून सगळे सर्व्हो (रडर, एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरी) हलवून पाहा. संपर्क तुटल्यावर सर्व्हो कुठे जातील तेही ठरवून ठेवा: रडर किंचित एका बाजूला, पंखावर हवा अडवणारा ब्रेक असेल तर तो उघडलेला. मॉडेल मग जवळच गोल फिरत उतरेल, सरळ जात दिसेनासं होणार नाही.

उंची मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत. पण क्लबमध्ये शिकण्यासाठी रबर आणि दोरी याहून चांगला आम्हाला माहीत नाही. दोन मीटरच्या हलक्या ग्लायडरला १५ मीटर लेटेक्स रबरी नळी आणि १०० मीटर नायलॉन दोरी पुरते. रबराचं टोक जमिनीत तिरप्या ठोकलेल्या लोखंडी खुंटीला, आणि दोरीच्या टोकाला छोटं पॅराशूट व कडी. कडी मॉडेलच्या पोटाखालच्या हुकात अडकते. वाऱ्याच्या उलट दिशेला खुंटी ठोकायची, म्हणजे मॉडेल वाऱ्याला सामोरं जाईल. ९०० ग्रॅमच्या मॉडेलला तीन ते साडेतीन किलोचा ताण पुरे. पहिल्यांदा स्प्रिंगकाट्याने मोजा आणि तिथवर किती पावलं होतात ते लक्षात ठेवा. रबर मूळ लांबीच्या तिप्पट झालं, म्हणजे सुमारे चाळीस पावलं मागे आलात, की थांबा.

सोडताना पंख आडवे, नाक किंचित वर, आणि हात ठाम. अर्धवट सोडलेलं मॉडेल पहिल्या दोन मीटरमध्येच कलतं. सुरुवातीच्या सेकंदांत एलिव्हेटर ओढू नका. वेग धरल्यावर ते पतंगासारखं आपणच चढतं. माथ्यावर दोरी सैल पडली की नाक थोडं खाली, आणि कडी मागे निसटते. चढताना मॉडेल डावी-उजवीकडे भटकत असेल, तर हुक फार मागे आहे. चढण उथळ राहिली, तर हुक फार पुढे. गुरुत्वमध्याच्या पुढे ८-१० मिलिमीटरवर सुरुवात करा आणि एका वेळी दोन मिलिमीटर सरकवा. खुंटी नीट ठोकली आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहा. सुटलेली खुंटी ताणलेल्या रबराबरोबर उडवणाऱ्याच्याच दिशेने येते. संध्याकाळी रबर पाण्याने धुवून, वाळवून, टाल्कम पावडर लावून अंधारात ठेवावं. ऊन लेटेक्सला लवकर तडे पाडतं.

थाळीफेकीसारखा गोल फिरून पंखाच्या टोकाला धरून फेकायचा दीड मीटरचा ग्लायडर वजनाने तीनशे ग्रॅमच्या आत असतो, आणि कसलेला माणूस तो नुसत्या हाताने साठ मीटरपलीकडे पोचवतो. खांद्याला मात्र तयारी लागते.

वर पोचल्यावर शोध सुरू होतो. ऊन जमिनीला सारखं तापवत नाही. नांगरलेलं कोरडं शेत, डांबर, खडक हे गवत आणि पाण्यापेक्षा लवकर तापतात. त्यांच्यावरची हवा हलकी होऊन फुग्यासारखी सुटते, तोच थर्मल. वर जाताना ती दर शंभर मीटरला सुमारे एक अंश निवते, आणि भोवतालच्या हवेपेक्षा उबदार आहे तोवर चढत राहते. तिची जागा घ्यायला बाजूची हवा तळाशी ओढली जाते, आणि हीच आपली खूण. वाऱ्याकडे तोंड करून उभे असताना वारा पडला, तर थर्मल बहुधा समोर आहे. वारा अचानक वाढला, तर तो पाठीमागे गेला. पंख न हलवता गिरक्या घेणारी घार किंवा करकोचा दिसला तर शंकाच नको.

मॉडेल काय सांगतं? शेपूट किंचित उचलली जाते, वेग वाढतो. थर्मलची कड एका पंखाला लागली तर तो पंख वर ढकलला जातो आणि मॉडेल थर्मलपासून दूर वळू पाहतं. त्याला तसं जाऊ देणं ही सर्वांत मोठी चूक. जो पंख उचलला गेला त्याच बाजूला वळा. ३० अंश कलून फिरताना आपल्या मॉडेलच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे साडेदहा मीटर असते, आणि एक फेरी आठ-नऊ सेकंदांत पूर्ण होते. फेरीच्या ज्या भागात चढ जास्त, त्या बाजूला पुढचं वर्तुळ सरकवा. कमी उंचीवर थर्मल अरुंद असतो, तेव्हा जास्त कलावं लागतं. चढ संपला आणि मॉडेल झपाट्याने खाली येऊ लागलं, तर नाक खाली करून वेगाने बाहेर पडा. नवशिके नेमके इथे एलिव्हेटर ओढतात आणि बुडत्या हवेत जास्त वेळ अडकतात.

थर्मल वाऱ्याबरोबर वाहत जातो, हेही विसरू नये. सेकंदाला तीन मीटर वाऱ्यात तीन मिनिटं फिरलात तर मॉडेल ५४० मीटर दूर गेलं. परत येताना जमिनीवरचा वेग चारच मीटर, म्हणजे १३५ सेकंद आणि जवळजवळ ७० मीटर उंची खर्च. वाटेत बुडती हवा लागेल हे धरून दुप्पट उंची हाताशी ठेवा. ओळखू येत नाही इतकं लांब किंवा उंच जाऊ देऊ नका. फार जोरदार थर्मलमधून उतरायचं असेल तर स्पॉयलर (पंखावर उभ्या राहून उचल कमी करणाऱ्या पट्ट्या) उघडा किंवा थर्मलच्या बाजूच्या बुडत्या हवेत जा. सरळ सूर मारला की पंख फडफडू लागतात आणि तुटतात.

हे सगळं एकट्यापेक्षा क्लबमध्ये कितीतरी लवकर येतं. शिकवणारा आणि शिकणारा यांचे ट्रान्समीटर जोडलेले असतात. शिक्षकाने खटका सोडला की नियंत्रण त्याच्याकडे येतं. मॉडेल आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं भासतं, त्यावर जुना उपाय आहे: जो पंख खाली झुकला आहे त्या बाजूला स्टिक ढकला, जणू त्याला आधार देता आहात. एकाच थर्मलमध्ये अनेक जण असतील तर पहिला ज्या दिशेने फिरतो आहे त्याच दिशेने सगळ्यांनी फिरायचं. आणि शेजारी उभा असलेला जोडीदार आकाशातली इतर मॉडेलं आणि खरी विमानं पाहत असतो, कारण तुमची नजर एका ठिपक्यावर खिळलेली असते.

हवा ओळखण्याच्या या कौशल्याला स्पर्धेतही सरळ मोल मिळतं. एफ-५-जे या मोटर लावलेल्या ग्लायडरांच्या स्पर्धाप्रकारात इलेक्ट्रिक मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालवता येते. मॉडेलमधलं यंत्र सुरुवातीची उंची नोंदवतं, आणि २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण कापला जातो, त्यावर दर मीटरला तीन. हवेत काढलेल्या प्रत्येक सेकंदाला एक गुण. ज्याला थर्मल कुठे आहे हे आधीच कळलेलं असतं, तो मोटर खूप खाली बंद करतो.

उतरताना साधारण तीस मीटर उंचीवर वाऱ्याला आडवं या, मग वाऱ्याकडे वळा आणि "लँडिंग!" असं मोठ्याने सांगा. वेग तरंगण्याच्या वेगापेक्षा थोडा जास्त ठेवा. मैदान कमी पडेलसं वाटून नाक उचललं की वेग मरतो, एक पंख पडतो आणि टोक जमिनीत रुततं. कमी पडलं तर पडू द्या, चालत जाऊन आणता येतं. डोक्याच्या उंचीखाली वळू नका, त्यापेक्षा गवतात सरळ टेकवा. मॉडेल हातात घेतल्यावर रिसीव्हर आधी बंद करा, ट्रान्समीटर नंतर.