मूळ एकीकडे, निर्णय दुसरीकडे: व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की नागपुरात धरमपेठ, सीताबर्डी, नंदनवन अशा भागांतले एडिटिंगचे क्लास भरायला लागतात. त्यात दर बॅचला एक प्रसंग ठरलेला असतो. मुलगा दिवसभर क्लासच्या कॉम्प्युटरवर ॲडोबीच्या प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, सेव्ह केलेली फाइल पेन ड्राइव्हवर घेतो आणि घरी जाऊन उघडतो. टाइमलाइन, म्हणजे शॉट ओळीने मांडलेली पट्टी, जशीच्या तशी दिसते, कट जागच्या जागी असतात, पण चित्राच्या ठिकाणी लालभडक पाटी येते: ‘मीडिया ऑफलाइन’. त्याला वाटतं फाइल करप्ट झाली, नाहीतर पेन ड्राइव्ह गेला. खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. सॉफ्टवेअरने त्याचा व्हिडिओ पोटात घेतलेलाच नव्हता. कोणत्या फाइलमधला कुठून कुठपर्यंतचा भाग कोणानंतर दाखवायचा, एवढंच त्याने लिहून ठेवलं होतं. प्रोजेक्ट फाइल म्हणजे किराण्याची यादी, किराणा नव्हे.

मूळ चित्रण एकीकडे आणि संकलनाचे निर्णय दुसरीकडे, ही फारकत कॉम्प्युटरने आणलेली नाही. ती फिल्मच्या काळापासून चालत आलेली आहे, मध्ये काही वर्षं ती हरवली, आणि नागपूरच्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी ते हरवणं सगळ्यात जास्त भोगलं. सॉफ्टवेअर शिकायला बसणाऱ्याला बटणांच्या आधी हे सांगावं, असं माझं ठाम मत आहे.

फिल्मच्या निगेटिव्हला संकलक हात लावत नसे. लॅबमध्ये निगेटिव्ह धुतली की तिच्यावरून एक साधी प्रत काढत, तिला वर्क प्रिंट म्हणत. सगळी कापाकापी या प्रतीवर व्हायची. इवान सेरुरिए यांचं मूव्हिओला हे संकलनाचं यंत्र १९२४ मध्ये हॉलिवूडमध्ये आलं, आणि फिल्म पुढे-मागे चालवत नेमक्या चौकटीवर (फ्रेमवर) थांबणं सोपं झालं. शॉटचे तुकडे कापडी अस्तराच्या डब्यावर खिळ्यांना लटकवत. आजच्या सॉफ्टवेअरमधला बिन, म्हणजे क्लिप ठेवायचा कप्पा, तिथूनच आला, आणि क्लिप कापायचं रेझर टूलही त्याच टेबलावरचं. निगेटिव्हच्या काठावर ठरावीक अंतरावर नंबर असत आणि ते वर्क प्रिंटवरही उतरत. संकलन पक्कं झाल्यावर हे नंबर जुळवून निगेटिव्ह एकदाच कापली जाई. तोपर्यंत वर्क प्रिंटचे कितीही हाल झाले तरी मूळ सुखरूप राहायचं.

व्हिडिओ टेपने ही व्यवस्था मोडली. अमेरिकेतल्या ॲम्पेक्स कंपनीने १९५६ मध्ये दोन इंची टेपवर चित्र मुद्रित करणारं यंत्र बाजारात आणलं. पण फिल्मवर चौकट डोळ्यांना दिसते, टेपवर काहीच दिसत नाही. सुरुवातीला टेपवर लोहकणांचं द्रावण लावायचे, त्यातून चुंबकीय खुणा उमटायच्या, त्या सूक्ष्मदर्शकातून बघून ब्लेडने टेप कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची. कापली ती मूळ टेप. त्यामुळे लवकरच कापणं बंद होऊन एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर उतरवून घेणं सुरू झालं. मग १९६० च्या दशकाच्या अखेरीस टाइमकोड आला. प्रत्येक चौकटीला तास, मिनिट, सेकंद आणि चौकट असा पत्ता मिळाला, आणि फिल्मच्या काठावरच्या नंबरांचं काम टेपवर पुन्हा शक्य झालं.

या पत्त्यांच्या जोरावर १९७१ मध्ये सीएमएक्स ६०० हे यंत्र तयार झालं. सीबीएस आणि मेमोरेक्स या दोन कंपन्यांनी मिळून ते काढलं होतं. चित्र कृष्णधवल आणि धूसर, डिस्कची कपाटं मोठी आणि किंमत अडीच लाख डॉलरच्या घरात. पण समोर दोन पडदे होते, आणि प्रकाशलेखणीने पडद्यावरच निवड करत हवा तो शॉट लगेच काढता येई. टेप गुंडाळत बसायची गरज नव्हती. या यंत्राचं अंतिम फळ व्हिडिओ नव्हताच. निर्णयांची यादी हे त्याचं फळ होतं. ती यादी दुसऱ्या यंत्राला द्यायची आणि त्याने चांगल्या प्रतीच्या मूळ टेपांवरून कार्यक्रम जुळवायचा. ईडीएल (एडिट डिसिजन लिस्ट) नावाने हीच यादी आजही प्रीमिअरमधून आणि दा विंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट करता येते, आणि त्यातला जुना प्रचलित साचा अजून सीएमएक्सच्याच नावाने ओळखला जातो.

ही यंत्रं नागपूरपर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता. दूरदर्शनची केंद्रं यू-मॅटिक आणि पुढे बीटाकॅम या व्यावसायिक कॅसेटांवर एका टेपवरून दुसऱ्या टेपवर संकलन करत. सेमिनरी हिल्सवरचं नागपूर केंद्र सोडलं तर शहरात व्हिडिओचं काम म्हणजे मुख्यतः लग्नाचं शूटिंग. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर आले, आणि त्या दशकात व्हीएचएस कॅमेरा खांद्यावर घेतलेला शूटिंगवाला, त्याच्या मागे हॅलोजनचा दिवा धरणारा पोरगा, हे वरातीतलं नेहमीचं दृश्य होऊन गेलं.

या धंद्यात एडिटिंग हा शब्द नव्हता, मिक्सिंग म्हणत. त्या खोलीत दोन व्हीसीआर, मधोमध व्हिडिओ मिक्सर, गाण्यांसाठी ऑडिओ डेक आणि दोन टीव्ही असायचे. कॅमेऱ्याची कॅसेट पहिल्या व्हीसीआरमध्ये, कोरी कॅसेट दुसऱ्यात. दुसरा रेकॉर्ड-पॉजवर ठेवायचा, पहिला हळदीच्या शॉटच्या थोडा मागे न्यायचा, प्ले दाबायचं आणि नेमक्या क्षणी पॉज सोडायचा. व्हीसीआरची यंत्रणा वेग धरायला थोडा वेळ घेते, तो अंदाज बोटांत भिनलेला असावा लागे. मिक्सरवरची दांडी ओढली की चित्र बदामाच्या आकारात उघडायचं, एखादं चित्र गोठवता यायचं, चौकोनी ठोकळ्यांत फोडता यायचं. गाणं सुरू असताना हे सगळं सलग करायचं.

आता समजा मंगलाष्टकांपर्यंत काम आलं आणि नवरीच्या मामांनी सांगितलं की हळदीतला आमचा शॉट राहिला. मध्ये शॉट घुसवायला जागाच नाही. घुसवला तर पुढचं पुसलं जाणार. एक तर तिथपासून सगळं पुन्हा करायचं, नाहीतर तयार झालेल्या कॅसेटवरूनच आणखी एक कॅसेट काढायची. प्रत्येक प्रतीला रंग फैलावतात, कडा विरघळतात. मुळात व्हीएचएसची तीक्ष्णता २४० रेषांच्या आसपास. मिक्सिंगची कॅसेट दुसऱ्या पिढीची आणि नातेवाइकांना वाटलेल्या कॅसेट तिसऱ्या पिढीच्या. शिवाय कोरी कॅसेट पैशांनी यायची, म्हणून कॅमेऱ्याची मूळ कॅसेट कित्येकदा पुढच्या लग्नाला पुन्हा वापरली जायची. इथे निर्णय आणि मूळ यांच्यात काही अंतरच उरलं नव्हतं. या मर्यादेत ज्यांनी चांगली कामं केली, त्यांच्या हाताचं कसब फार मोठं होतं.

तिकडे बिल वॉर्नर यांनी १९८७ मध्ये ॲव्हिड कंपनी काढली आणि १९८९ मध्ये तिची मॅकिंटॉशवर चालणारी यंत्रणा बाजारात आली. तिने फिल्मचं टेबल आणि सीएमएक्सची यादी एकत्र केली. फुटेजची हलक्या दर्जाची प्रत डिस्कवर घ्यायची, तिच्यावर हवं तितक्यांदा बदल करायचे, आणि शेवटी यादीबरहुकूम मूळ जुळवायचं. १९९१ च्या डिसेंबरमध्ये ॲपलचं क्विकटाइम आणि ॲडोबीचं प्रीमिअर हे दोन्ही आले. पहिल्या प्रीमिअरमधलं चित्र जास्तीत जास्त १६० बाय १२० ठिपक्यांचं, म्हणजे एखाद्या टपाल तिकिटाएवढं. ते लिहिणारे रँडी उबिलोस पुढे मॅक्रोमीडियात गेले. तिथे सुरू झालेलं काम ॲपलने विकत घेतलं आणि १९९९ मध्ये ते फायनल कट प्रो म्हणून बाहेर आलं. दोन प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअरचा तोंडवळा इतका सारखा का, याचं बरंचसं उत्तर या एका माणसाच्या प्रवासात आहे.

नागपूरच्या मिक्सिंगच्या खोल्यांत कॉम्प्युटर शिरला तो डीव्ही कॅसेटबरोबर. डीव्ही हा प्रकार १९९५ चा. कॅसेटवर चित्र आकड्यांत साठवलेलं, त्यामुळे फायरवायरच्या केबलने ते कॉम्प्युटरमध्ये घेताना दर्जा तसूभरही घसरत नव्हता. याला कॅप्चरिंग म्हणत आणि एक तासाच्या कॅसेटला पूर्ण एक तास लागायचा. तासाभराचं फुटेज सुमारे १३ जीबी भरायचं, आणि तेव्हा २० किंवा ४० जीबीची हार्ड डिस्क मोठी समजली जायची. विंडोज ९८ च्या डिस्कवर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा, म्हणजे जेमतेम वीस मिनिटं. एका लग्नाचे असे कितीतरी तुकडे पडायचे. कॉम्प्युटरमध्ये बसवायची मॅट्रॉक्स आणि कॅनोपसची व्हिडिओ कार्डं ज्यांच्याकडे होती त्यांचं बरं चालायचं. बाकीच्यांना साध्या डिझॉल्व्हसाठीही, म्हणजे एक चित्र दुसऱ्यात विरघळवण्यासाठीही, रेंडर मारावा लागे: कॉम्प्युटर एकेक चौकट तयार करेपर्यंत थांबायचं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, खोलीत कूलर, त्याच्या ओलसर हवेपासून कॉम्प्युटर दूर सरकवलेला, आणि रात्री रेंडरला लावून घरी जावं तर लोडशेडिंगने सगळं पाण्यात. यूपीएस ही त्या काळात चैन नव्हती, गरज होती.

हे दुखणं ओळखलं जपानच्या कॅनोपस कंपनीने. तिचं एडियस २००३ च्या सुमारास आलं. वेगवेगळ्या प्रकारचं फुटेज एकाच टाइमलाइनवर टाका आणि रेंडरची वाट न बघता चालवा, हे त्याचं बळ होतं. लग्नाच्या कामात याहून मोठी गरज नव्हती, म्हणून आजही कित्येक मिक्सिंग लॅबमध्ये एडियसच दिसतं. त्याच्याबरोबर रेडीमेड प्रोजेक्टचा बाजार उभा राहिला. त्या प्रोजेक्टमध्ये हालचाली, पट्ट्या, फुलं, वेळा सगळं ठरलेलं असतं. फक्त जोडप्याचे फोटो आणि क्लिप रिकाम्या जागी टाकायच्या. विकलं काय जातं, तर मूळ चित्रणावाचूनचे निर्णय. सीएमएक्सच्या यादीचं हे आपल्याकडचं रूप आहे. मी ते कमी लेखत नाही. नवशिक्याने एक असा प्रोजेक्ट उघडून त्यातला एकेक थर बंद करून बघावा, महिनाभराचा अभ्यास त्यात होतो.

पुढचा इतिहास पैशांचा आहे, तो थोडक्यात. विंडोजबरोबर २००० पासून मूव्ही मेकर फुकट मिळू लागलं. ॲडोबीने २०१३ पासून प्रीमिअर भाड्याने द्यायला सुरुवात केली. ब्लॅकमॅजिक कंपनीने २००९ मध्ये दा विंची ही कंपनी घेतली. दा विंचीची रिझॉल्व्ह ही रंग दुरुस्तीची यंत्रणा एके काळी लाखो डॉलरना मिळायची, तिची फुकट आवृत्ती २०११ मध्ये आली आणि पुढच्या काही वर्षांत तिचं पूर्ण एडिटिंग सॉफ्टवेअर झालं. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही खुली सॉफ्टवेअरही आहेत. क्रॅक केलेली प्रत शोधण्याचं कारण आता उरलेलं नाही.

मराठी नावांचा भाग मात्र थांबून सांगण्यासारखा आहे, कारण इंग्रजी पुस्तकांत तो सापडत नाही. प्रीमिअरच्या जुन्या टायटलरला, म्हणजे पडद्यावर अक्षरं लिहायच्या साधनाला, देवनागरीची जुळणी कळत नव्हती. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘शुभविवाह’ लिहिलं की वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जायची, आणि इतर शब्दांतली जोडाक्षरं पाय मोडून उभी राहायची. म्हणून श्रीलिपीसारखे जुने फाँट वापरत. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांना मराठी रूप देतो. ती प्रोजेक्ट फाइल त्या फाँटविना दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नवरदेवाच्या नावाच्या जागी अगम्य रोमन अक्षरं येतात. कारण फाँटही प्रोजेक्टच्या बाहेरच राहतो. आताच्या प्रीमिअरच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठी वेगळं टेक्स्ट इंजिन निवडता येतं. मराठी काम करणाऱ्याने पहिल्याच दिवशी ते निवडून युनिकोड फाँटवर यावं.

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि चित्रणही एडिटिंगही फोनवर गेलं. पोळ्यानंतर निघणारी मारबतीची मिरवणूक संपायच्या आत तिचे कापलेले तुकडे नागपूरच्या इतवारीबाहेर पोचलेले असतात. पण फोनमधली बहुतेक ॲपही क्लिप गॅलरीतूनच वाचतात. जागा भरली म्हणून गॅलरी साफ केली की अर्धवट प्रोजेक्ट तिथेही आंधळा होतो. दुसरी अडचण वेगाची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्याला धरून टीव्ही सेकंदाला २५ चौकटींचा. फोन मात्र सहसा ३० च्या आसपास चित्रण करतो आणि तो आकडाही स्थिर ठेवत नाही. म्हणून लॉनवरच्या दिव्यांत चित्र फडफडतं, आणि लांब भाषणात कॉम्प्युटरवर आवाज हळूहळू ओठांच्या पुढे-मागे सरकतो. दीक्षाभूमीवरचं तासाभराचं भाषण कापायला घेण्याआधी ते हँडब्रेकसारख्या फुकट साधनातून स्थिर वेगात बदलून घ्यावं.

तेव्हा सुरुवात सॉफ्टवेअर उघडून करू नये, फोल्डर बनवून करावी. कामाच्या नावाचा एक फोल्डर, त्यात फुटेज, आवाज, फोटो, फाँट आणि प्रोजेक्ट असे उपफोल्डर. फुटेज आधी तिथे उतरवायचं, मगच इम्पोर्ट करायचं. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डवरून थेट इम्पोर्ट केलं तर कार्ड काढताच तीच लाल पाटी येईल. दुसरीकडे न्यायचं तर आख्खा फोल्डर न्यावा. प्रीमिअरच्या प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये सगळं एकत्र कॉपी करायची सोय आहे. रिझॉल्व्ह मुळात प्रोजेक्ट फाइल ठेवत नाही, स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहितो. तिथे प्रोजेक्ट एक्स्पोर्ट किंवा अर्काइव्ह करावा लागतो. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घेऊन प्रॉक्सी चालू करावी. प्रॉक्सी म्हणजे पुन्हा तीच वर्क प्रिंट: हलकी प्रत कापायला, मूळ फाइल शेवटच्या एक्स्पोर्टला.

जुन्या व्हीएचएस कॅसेट घरात असतील, तर त्यांच्या बाबतीत हिशोब उलटा आहे. कॅमेऱ्याची कॅसेट केव्हाच पुसली गेलेली, त्यामुळे बदामासकट मिक्सिंग झालेली कॅसेट हेच आता मूळ. पावसाळ्यात तिला बुरशी धरते, आणि बुरशीची कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर हेडही जातं. म्हणून आधी झाकणाखालची टेप उजेडात बघावी, पांढरी बुरशी दिसली तर साफ करून घ्यावी. उतरवताना २५ चौकटींचं इंटरलेस्ड चित्र (प्रत्येक चौकट एकाआड एक रेषांच्या दोन भागांत) आहे तसंच, शक्य तितक्या कमी कॉम्प्रेशनमध्ये घ्यावं. रंग सुधारणं, रेषा काढणं, मोठं करणं हे सगळं नंतर, प्रोजेक्टमध्ये. उतरवलेली पहिली फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि तिला हात लावू नये.